छाट

सुपारीएवढा कॅमेरा बसवला
फोल्डिंग खात्यात, टेबलाच्या बरोब्बर वर,
गड्डा उठला त्याच आठवड्यात.
नारळ फोडला, पेढे वाटले.
आम्ही बारा जणी. मला दोन पेढे मिळाले,
तेव्हाच कळायला हवं होतं.

दहा जणींचा हिशोब झाला.
मला आणि सरोजनीअक्काला एकेक टॅब.
मालकांचा नातू म्हणाला,
"मावशी, तुम्ही फक्त ह्याला शिकवायचं."

तर शिकवते.
टॉवेलचा फोटो येतो, दोषाभोवती चौकोन ओढायचा.
ओढलेला लूप. तुटका ताणा. तेलाचा ठिपका.
हजार फोटोंमागे इतके रुपये.

हजारामागे.
हा शब्द आमच्या घरात माझ्याआधीपासून राहतो.
अम्मा उंबऱ्यात बसायची, मांडीवर सूप,
सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं.
हजार वळून कारखान्यात नेल्या
की चेकर मूठभर उचलून बाजूला टाकायचा: छाट.
छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही नाही.
त्या विड्या मग ओढतं कोण,
हे अम्मा मरेपर्यंत विचारत होती,
तेलुगूत. म्हणजे कुणी उत्तर दिलं नाही तरी चालेल अशा भाषेत.

एकोणीस वर्षं मी डोळ्यांनी नाही, तळव्याने बघितलं.
कापड सरकत असताना हात नुसता ठेवायचा,
चूक आपणहून बोटाला लागायची,
भातातल्या खड्यासारखी.

चौदा नंबरच्या मागावर सायन्ना.
त्याच्या टॉवेलात डावीकडे, वीतभर आत,
दोन लूप झोपलेले असायचे.
रात्रपाळीला तीन.
बायको सिव्हिलला होती त्या महिन्यात पाच.
मी सुई काढायची, त्यांना उठवून बसवायची,
घडी घालायची, पुढचा टॉवेल.
कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

ह्या कॅमेऱ्याला मी दोष शिकवला.
सुई शिकव, असं कुणी म्हटलंच नाही.

परवा फोटो आला. डावीकडे, वीतभर आत, चार.
नाव नव्हतं खाली. मला लागत नाही.
चौकोन पडला की त्या मागाची मजुरी
आपोआप कापली जाते,
नातवाने हौसेने दाखवलं होतं:
"बघा मावशी, भांडणच नाही."

खाली तीन बटणं.
दोष आहे. दोष नाही. सांगता येत नाही.
मी तिसरं दाबलं.
कृपया पुन्हा पाहा, असं आलं. मी पुन्हा तिसरं दाबलं.
पुन्हा तेच चार लूप,
आणि वर छताचा पंखा, त्याच्या पलीकडे सुपारीएवढा तो,
माझ्याकडे बघतोय की टेबलाकडे, कळत नाही.
सरोजनीअक्का चष्मा पुसत होती. खूप वेळ पुसत होती.

मी दुसरं दाबलं.

हजारात एक खोटं.
तेवढ्याने ते बिघडतं का, ठाऊक नाही.
लेक म्हणते, "त्याच्या लक्षात राहतं अम्मा,
तू काय काय म्हणालीस ते सगळं."
राहू दे.
माझं शिकवून संपलं की मला काय, हे तिने विचारलं नाही,
पण भाकरी मोडताना थांबली.
ती स्वतः कसलासा कोर्स लावायचं म्हणते,
तो सहा महिन्यांनी चालेल का,
हे तिच्या सरांनाही सांगता येत नाही.
त्यांनाही तिसरं बटण.

आज पाळी सुटल्यावर गेटबाहेर सायन्ना भेटला.
"अक्का, मशीन आलं म्हणून घाबरलो होतो.
चौदा नंबरवर अजून काही निघालं नाही.
माणसापेक्षा बरं की,
कुणावर खार खात नाही."

मी म्हटलं, हो.
चहाचे पैसे त्यानेच दिले.